पाहिलंत की ठरवलंत?

एम.एस.डब्ल्यू.च्या पहिल्या वर्षी मला फील्डवर्कसाठी एक क्षयरोग दवाखाना मिळाला होता. तेव्हाची डॉट्सची पद्धत अशी: रुग्णानं आठवड्यातून तीनदा केंद्रावर यायचं, कर्मचाऱ्यासमोर गोळ्या गिळायच्या आणि कार्डावर खूण करून घ्यायची. फेऱ्या चुकल्या की नाव वेगळ्या यादीत जायचं आणि त्या यादीतल्या माणसांना दवाखान्यात सगळे 'डिफॉल्टर' म्हणायचे. त्या यादीतली एक बाई माझ्याकडे आली. वय पस्तिशीच्या आसपास, बिगारी काम करणारी, रोज सकाळी मजूर नाक्यावर उभी राहणारी. ओपीडीबाहेरच्या बाकावर मी तिच्याशी वीसेक मिनिटं बोलले आणि रात्री वहीत रेकॉर्डिंग, म्हणजे भेटीची नोंद, लिहिलं: 'रुग्णाला आजाराचं गांभीर्य समजलेलं नाही. उपचारांबाबत उदासीन आहे. समुपदेशन केलं.'

आमच्या सरांकडून वही परत आली तेव्हा 'उदासीन' या शब्दाभोवती लाल पेनानं गोल केलेला होता. समासात एकच ओळ होती, 'हे पाहिलंत की ठरवलंत?'

मला राग आला होता, हे आजही आठवतं. मी तिच्याशी चांगलं बोलले होते, तिला क्षयाची सगळी माहिती दिली होती, ती मान डोलावत होती. त्यात आणखी पाहायचं ते काय? पण पुढच्या आठवड्यात सरांनी गृहभेटीला पाठवलं. दिवसा ती भेटायची नाही म्हणून संध्याकाळी गेले. ती भाकरी थापत होती. भिंतीवरच्या खिळ्याला कॅलेंडरशेजारी एक प्लास्टिकची पिशवी लटकत होती. तिच्यात उपचाराचं कार्ड, थुंकीच्या तपासणीच्या चिठ्ठ्या, अगदी पहिल्या दिवसाचा केसपेपरसुद्धा होता. एक्स-रे तेवढा पिशवीत नव्हता. तो वाकू नये म्हणून तिनं पत्र्याच्या ट्रंकेमागे भिंतीला सपाट लावून ठेवला होता. मी विचारलं तेव्हा पिठाचे हात धुऊन, पदराला पुसून, तिनं तो दोन्ही हातांनी धरून मला दाखवला.

मग हळूहळू बाकीचं कळलं. केंद्र नऊला उघडायचं. नाका साडेसातला भरायचा आणि साडेआठपर्यंत मुकादम माणसं निवडून घेऊन जायचा. म्हणजे गोळ्यांचे तीन दिवस हे मजुरी बुडण्याचे तीन दिवस. शिवाय एका वेळी सात गोळ्या, त्याही चहाच्या एका कपावर. तिला उलट्या व्हायच्या. मी बाकावर बसून तिला समतोल आहाराचं महत्त्व सांगितलं होतं. तिनं तेव्हाही मान डोलावली होती.

या पुस्तकाच्या सुरुवातीला, समाजकार्य हा विषय पहिल्यांदा हाती घेणाऱ्या तुम्हा सगळ्यांचं स्वागत करताना मला याच प्रसंगापासून सुरुवात करावीशी वाटली. समाजकार्याचा पाया कशाचा, या प्रश्नाला पहिल्या दिवशी वर्गात जी उत्तरं मिळतात ती मी गेली कित्येक वर्षं ऐकते आहे. कोणी म्हणतं कळकळ, कोणी म्हणतं त्याग, कोणी म्हणतं लोकांत मिसळण्याचा स्वभाव. हे सगळं हवंच. पण कळकळ माझ्याकडेही होती आणि त्या कळकळीसकट मी एका बाईला दोन ओळींत उदासीन ठरवून मोकळी झाले होते. दोन वर्षांचा हा अभ्यासक्रम तुम्हाला जे शिकवू पाहतो, त्याच्या मुळाशी सरांनी समासात लिहिलेला तो प्रश्न आहे, असं मला मनापासून वाटतं. बाकी सिद्धान्त, पद्धती, कायदे, योजना हे सगळं त्या प्रश्नाचा आधार घेऊनच उभं राहतं.

हा प्रश्न सरांनी शोधून काढलेला नव्हता, हे मला ग्रंथालयात बसल्यावर कळलं. 1915 साली अमेरिकेत बाल्टिमोर इथे धर्मादाय आणि सुधारकार्य करणाऱ्यांची राष्ट्रीय परिषद भरली होती. अब्राहम फ्लेक्सनर या शिक्षणतज्ज्ञाला तिथे भाषणासाठी बोलावलं होतं. वैद्यकीय शिक्षणाचा त्याचा 1910 चा अहवाल गाजलेला होता, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन होतं. समाजकार्य हा व्यवसाय आहे का, या प्रश्नाला त्यानं नम्रपणे पण स्पष्ट नकार दिला: या कामाला शिकवता येईल असं स्वतःचं तंत्र अजून नाही. सभागृहात बसलेल्यांना ते किती लागलं असेल याची कल्पना करता येते. दोनच वर्षांनी, 1917 मध्ये, मेरी रिचमंड यांचं 'सोशल डायग्नोसिस' प्रसिद्ध झालं. त्याची तयारी त्याआधी बरीच वर्षं चालू होती. पण फ्लेक्सनरनं उभ्या केलेल्या प्रश्नाला ते उत्तर होतं, यात शंका नाही.

रिचमंड यांना महाविद्यालयीन शिक्षण मिळालेलं नव्हतं. सोळाव्या वर्षी शाळा संपली, पुढे कारकुनी केली, आणि 1889 मध्ये त्या बाल्टिमोरच्या धर्मादाय संघटनेत सहायक खजिनदार म्हणून रुजू झाल्या. तुम्ही त्यांचं पुस्तक उघडाल तेव्हा तुम्हाला दयेवरचं प्रवचन सापडणार नाही. सापडेल ती पुराव्याची चिकित्सा. डोळ्यांनी दिसलेलं काय, कोणी सांगितलं म्हणून कळलेलं काय आणि परिस्थितीवरून बांधलेला अंदाज कोणता, हे तीन वेगळे कसे ठेवायचे. ज्यानं सांगितलं त्याला ते खरंच माहीत असण्याची शक्यता किती. आपल्याच मनातले पूर्वग्रह निष्कर्षात कसे घुसतात. एका गरीब घराबद्दल चार ओळी लिहिण्याआधी, न्यायालयात साक्ष तपासावी तितकी काळजी घ्यायची, असं त्या सांगत होत्या. या पुस्तकाला शंभराहून अधिक वर्षं झाली, त्यातली निदानाची वैद्यकीय भाषा आज खटकते, आणि खटकायलाच हवी. पण ज्याच्याबद्दल आपण लिहितो त्याच्यावर आपल्या लिहिण्याचा परिणाम होणार आहे ही जाणीव मला दुसऱ्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात इतकी लख्ख दिसली नाही. आदर म्हटलं की आपल्याला हात जोडणं आठवतं. रिचमंड यांच्या पानांत तो माहिती तपासून घेण्याच्या कष्टात दिसतो.

त्याच काळात दुसरी एक वाट तयार होत होती. 1889 मध्येच जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी शिकागोच्या स्थलांतरित कामगारांच्या वस्तीत हल हाऊस सुरू केलं आणि त्या तिथेच राहायला गेल्या. वस्तीतली मुलं का आजारी पडतात, हे प्रत्येक घरी जाऊन आयांना विचारण्याआधी त्यांना दारातला कचरा दिसला. तो उचलण्याचा ठेका होता, पण कचरा पडून असायचा. 1895 मध्ये ॲडम्स यांनी त्या वॉर्डाच्या कचरा निरीक्षकाचं पद मिळवलं. पहाटे सहाला त्या कचऱ्याच्या गाड्यांमागे निघायच्या. पुढे 1931 मध्ये त्यांना शांततेचं नोबेल पारितोषिक मिळालं, हे बहुतेक पुस्तकांत असतं. माझ्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावं असं मला वाटतं ते त्या गाड्यांमागचं चालणं.

एक वाट माणसाकडे जाते, दुसरी त्याच्या भोवतालाकडे. परीक्षेत या दोन विचारधारांची तुलना विचारतात आणि तुम्ही दोन रकाने करून ती लिहालही. प्रत्यक्षात माझ्या त्या क्षयाच्या बाईच्या घरात दोन्ही वाटा एकाच खिळ्याला लटकलेल्या होत्या. उलट्या तिच्या पोटात होत होत्या आणि केंद्राची वेळ दुसऱ्या कोणीतरी ठरवली होती.

आपल्याकडे या शिक्षणाची सुरुवात मुंबईत नागपाड्याला झाली. क्लिफर्ड मॅन्शर्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे. त्यांनी नागपाडा नेबरहुड हाऊस चालवलं आणि वस्तीत काम करताना त्यांच्या लक्षात आलं की चांगल्या मनाचे कार्यकर्ते येतात आणि थकून जातात. त्यांना शिकवण्याची सोय कुठेच नाही. 1936 मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या मदतीनं तिथेच सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क उघडलं. 1944 मध्ये त्याचं नाव टाटा समाजविज्ञान संस्था झालं आणि पुढे ती देवनारला गेली. 1955 मध्ये मुंबईत निर्मला निकेतन, 1963 मध्ये पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था, आणि मग नागपूर, अहमदनगर, सोलापूर, धुळे, जळगाव असं करत आज राज्याच्या बहुतेक भागांत हे शिक्षण मराठीतून घेता येतं. एक गोष्ट मात्र आवर्जून सांगते. वर्गाला जोडून दवाखाना, वस्ती, पोलीस ठाणं असणं ही नागपाड्यापासूनची आपली परंपरा आहे. 1984 मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात हिंसाग्रस्त महिलांसाठी विशेष कक्ष सुरू झाला आणि समाजकार्यकर्त्या थेट पोलिसांच्या आवारात बसू लागल्या. 1996 मध्ये 1098 या क्रमांकाची चाइल्डलाइन सुरू झाली. दोन्ही कामं टाटा संस्थेच्या क्षेत्रीय प्रकल्पांतून उभी राहिली.

पण शिक्षणाचा इतिहास 1936 पासून धरला तरी प्रत्यक्ष कामाचा इतिहास तिथून धरता येत नाही, आणि इथे माझा पाठ्यपुस्तकांशी जुना वाद आहे. पुण्यात 1863 साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या, गरोदर राहिलेल्या विधवांना तिथे गुप्तपणे बाळंत होता येई. मूल ठेवून जायचं असेल तर जाता येई. येणारीला कोण, कुठली, कोणामुळे असे प्रश्न करून लाजवायचं नाही, तिचं नाव फुटू द्यायचं नाही, आणि पुढे काय करायचं ते तिच्यावर सोपवायचं. फेलिक्स बिस्टेक यांनी 'द केसवर्क रिलेशनशिप' या पुस्तकात नात्याची सात तत्त्वं मांडली ती 1957 मध्ये. गोपनीयता, दोषारोप न करण्याची वृत्ती, स्वनिर्णयाचा हक्क ही त्यातली तीन. फुल्यांच्या घरात ती त्याआधी चौऱ्याण्णव वर्षं पाळली जात होती. सिद्धान्ताच्या पेपरात बिस्टेक लिहावेच लागतील. पण शिकताना आधी पुण्यातल्या त्या दारापाशी उभं राहा, मग बिस्टेक वाचा. सातही तत्त्वं पाठ न करता लक्षात राहतील.

आणि महाड. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळात 1923 मध्ये संमत झाला. महाड नगरपालिकेनं 1924 मध्ये तसा ठराव केला. कागद पूर्ण होता. तरीही 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसांसह चवदार तळ्यावर जाऊन पाणी ओंजळीत घ्यावं लागलं. सामाजिक कृती म्हणजे काय, याची व्याख्या पुस्तकात मिळेल. पण ठराव झालेला असताना पाण्यापर्यंत पोचता का येत नाही, हे ज्याला महाडवरून कळलं, त्याला पुढे रेशन दुकानात, वनहक्काच्या दाव्यात, निराधार योजनेच्या अर्जात तेच अंतर ओळखू येतं. तुमच्या फील्डवर्कचा मोठा भाग या अंतरातच जाणार आहे.

आता थोडं शब्दांविषयी, कारण या कामात आपलं हत्यार तेच.

आपल्या विषयाचं नाव समाजकार्य. घरी विचारतील तेव्हा लोक त्याला समाजसेवा म्हणतील, आणि त्यात त्यांचा दोष नाही. सेवा हा आपल्याकडे मोठा शब्द आहे. तरी फरक धरून ठेवा. सेवा करणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही. काम करणाऱ्याला विचारता येतो. ज्याच्यासाठी काम करायचं त्याला मराठी पाठ्यपुस्तकं 'सेवार्थी' म्हणतात, सरकारी कागद 'लाभार्थी' म्हणतात, दवाखान्यात 'पेशंट' आणि संस्थेत नुसतं 'केस'. 'आज माझ्याकडे तीन केसेस आल्या' हे वाक्य तुमच्या तोंडी पहिल्याच महिन्यात येईल. मी ते वर्गात थांबवते, कारण त्या क्षणी तीन माणसं वहीतल्या तीन नोंदी झालेली असतात. शब्दाचा परिणाम साऱ्या जगाच्या आरोग्ययंत्रणेलाही मान्य करावा लागला आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2013 मध्ये क्षयरोगाच्या नोंदींच्या व्याख्या बदलल्या आणि 'डिफॉल्टर' हा शब्द काढून 'पाठपुराव्यातून निसटलेला' अशा अर्थाचा शब्द घेतला. जुन्या शब्दात कसूर रुग्णाची होती. नव्या शब्दात पाठपुरावा करणाऱ्यांनाही जागा आहे.

मराठीत तर संबोधनापासूनच काम सुरू होतं. वॉर्डात 'ए बाई, नाव काय तुझं?' अशी हाक तुम्ही ऐकाल. त्याच बाईला तुम्ही 'मावशी, तुम्ही कुठून आलात?' असं विचारलंत, तर पुढचं संभाषणच वेगळं होतं. पण मावशी, काका, ताई ही नातीही जपून वापरा. वीस वर्षांच्या मुलीला मावशी म्हटलेलं आवडत नाही, आणि लग्न झालेल्या बाईला 'वहिनी' म्हणताना आपण तिला तिच्या नवऱ्याकडून ओळखत असतो. शंका आली तर सरळ विचारा, 'तुम्हाला काय म्हणू?' माझ्या अनुभवात या प्रश्नानं कोणी रागावलेलं नाही, उलट कित्येक जण पहिल्यांदा हसले ते याच प्रश्नाला.

रेकॉर्डिंगमध्ये माणसाचे शब्द जसेच्या तसे उतरवण्याचा आग्रह मी धरते, आणि त्यावरून दरवर्षी माझी विद्यार्थ्यांशी झटापट होते. पुस्तकं इंग्रजीत असल्यामुळे त्यांना वाटतं की भारदस्त शब्द आला की रेकॉर्डिंग चांगलं. बाई म्हणते, 'डोक्यात मुंग्या येतात, जीव घाबराघुबरा होतो.' वहीत येतं, 'अँक्झायटी'. म्हातारा म्हणतो, 'पोराला बाहेरचं झालंय.' वहीत येतं, 'अंधश्रद्धा आढळली.' एकदा एका मुलीनं लिहून आणलं, 'रुग्णानं उपचारांस विलंब केला.' मी विचारलं, तो माणूस नेमकं काय म्हणाला? ती म्हणाली, 'चार महिने अंगावर काढलं म्हणाला.' आम्ही मग तासभर त्या एका वाक्प्रचारावर बोललो. दुखणं अंगावर काढतो तो कोण? घरातली कोणती माणसं काढतात, कोणती काढत नाहीत? चार महिने का, एक का नाही? त्या चार महिन्यांत सोयाबीनची काढणी होती, घरात एकटा तोच कमावता होता, गावातून तालुक्याला जाणारी एसटी दुपारची एकच होती. 'विलंब केला' या दोन शब्दांत हे सगळं गाडलं गेलं होतं. आपल्या भाषेत लोकांनी स्वतःच्या दुःखाचं इतकं नेमकं वर्णन करून ठेवलेलं आहे की आपण फक्त ते खाली पडू न देता वहीपर्यंत आणायचं. तुमच्या भागात अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, गोंडी जे बोललं जात असेल, ते तसंच येऊ द्या. अर्थ खाली लिहा.

व्यक्तिसहाय्य, गटकार्य, समुदाय संघटन, सामाजिक कृती, समाजकल्याण प्रशासन आणि संशोधन या सहा पद्धती तुम्ही चार सत्रांत शिकाल. त्यांची ओळख इथे करून देत नाही, त्या जागच्या जागी येतील. या पद्धतींवरची जुनी पुस्तकं जिथे लिहिली गेली तिथल्या खुणा त्यांच्या अंगावर आहेत, एवढं मात्र सांगायला हवं. मुलाखतीचं प्रकरण वाचाल तर त्यात एक खोली असते, दोन खुर्च्या असतात, दार बंद असतं. आपल्याकडे दहा बाय बाराच्या खोलीत तुम्ही सुनेशी बोलायला गेलात तर सासू शेजारी बसते, दीर दारात उभा राहतो, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर शेजारीण देते. एकांत तिथे मागून मिळत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीनं तो शोधला नळावर. हंड्यांची रांग पुढे सरकेपर्यंत ती त्या सुनेबरोबर उभी राहायची, एक हंडा स्वतः उचलायची, आणि जे घरात महिनाभर निघालं नव्हतं ते तिथे दोन फेऱ्यांत निघालं. त्या पुस्तकांत जातही नाही. कोणत्या घरात तुम्हाला पाणी विचारतात, कोणत्या घरात विचारत नाहीत, कुठे तुमचं आडनाव आधी विचारलं जातं, हे तुमच्या निरीक्षणात आलं नाही तर रेकॉर्डिंग अपुरं आहे. तुमचं स्वतःचं आडनावही त्या खोलीत तुमच्यासोबत बसलेलं असतं.

फील्डवर्कची चौकट सोपी आहे: आठवड्याचे दोन दिवस, साधारण पंधरा तास, त्याचं लेखी रेकॉर्डिंग, सुपरवायझरबरोबर वैयक्तिक कॉन्फरन्स, आणि वर्गाची गट कॉन्फरन्स. शिवाय ग्रामीण शिबिर आणि शेवटी सलग प्लेसमेंट. काही संस्था विद्यार्थ्यांना सर्वेक्षणाचे फॉर्म भरायला किंवा कार्यक्रमाला खुर्च्या मांडायला बसवतात. तसं झालं तर सुपरवायझरला सांगा, संकोच करू नका. ते तास तुमच्या शिक्षणाचे आहेत. त्याच वेळी हेही सांगते की खुर्च्या मांडतानाही पुष्कळ दिसतं. पहिल्या रांगेत कोण बसतं आणि कोणाला उठवलं जातं, एवढंच लिहून आणलंत तरी कॉन्फरन्सला विषय मिळेल.

कॉन्फरन्सला वही तपासून घेण्याची जागा समजू नका. आपण चुकलो तिथे परत जाऊन उभं राहायची ती जागा आहे. हे शिकायला मला त्या क्षयाच्या बाईच्या गोष्टीचाच पुढचा भाग कामी आला.

तिच्या अडचणीवर तोडगा तिनंच सुचवला होता. म्हणाली, 'गोळ्या नाक्यावर नाय का देता येणार? तो चहावाला शिकलेलाय.' नियमात ते बसत होतं. आरोग्य कर्मचारी नसलेला, पण वस्तीतला भरवशाचा माणूस डॉट्स देऊ शकत असे. दवाखान्याच्या कर्मचाऱ्यानं चहावाल्याला समजावून सांगितलं, गोळ्यांचं खोकं टपरीवर ठेवलं, आणि ती वडापाव खाऊन सात गोळ्या घेऊ लागली. मी ते रेकॉर्डिंग अभिमानानं लिहिलं. सरांनी वाचलं, बरं म्हणाले, आणि विचारलं, 'नाक्यावर आणखी कोणाकोणाला कळलं?' मी तो विचारच केला नव्हता. चौकशी केली तेव्हा समजलं की बायकांमध्ये कुजबुज झाली होती आणि मुकादमानं तिला दोन आठवडे कामाला नेलंच नव्हतं. मजुरी वाचावी म्हणून केलेल्या उपायानं मजुरी गेली होती. तिनं मला ते सांगितलं नव्हतं. का, असं विचारल्यावर म्हणाली, 'तुमी एवढं केलं, आता काय सांगू.' मग ती, कर्मचारी आणि मी असे मुकादमाला भेटलो. औषध सुरू झाल्यावर संसर्गाचा धोका कसा कमी होतो हे कर्मचाऱ्यानं सांगितलं. मुकादमाला भेटायचं का, हे मात्र यावेळी आम्ही आधी तिला विचारलं होतं. तिनं कोर्स पूर्ण केला. ते दोन आठवडे तिला परत मिळाले नाहीत.

गोपनीयतेवरचं प्रकरण वाचताना ही टपरी डोळ्यांसमोर ठेवा. गोपनीयता फक्त आपण तोंड बंद ठेवल्यानं पाळली जात नाही. भेटीची जागा, वेळ, हातातलं खोकं, सगळं बोलत असतं. आणि तिला मर्यादाही असते. शाळेत किंवा बालगृहात काम करताना एखादी चौदा-पंधरा वर्षांची मुलगी म्हणेल, 'ताई, एक सांगते, पण कोणाला सांगणार नाही ना?' तेव्हा 'नाही सांगणार' हे शब्द ओठांवर येतात, कारण तिनं बोलावं असं आपल्याला आतून वाटत असतं. ते उच्चारू नका. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं की 2012 च्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, तुम्हालाही. वचन देऊन मोडण्यापेक्षा आधीच सांगावं, 'तू सांगशील ते मी गावभर करणार नाही. पण तुला कोणी त्रास देत असेल तर तो थांबवायला मला एक-दोन माणसांना सांगावं लागेल. कोणाला आणि कधी, ते आधी तुला सांगेन.' काही मुली हे ऐकून त्या दिवशी गप्प राहतात. पुढच्या आठवड्यात तुम्ही ठरल्या वेळी हजर असलात तर बहुतेक वेळा बोलतात. एरवी दुसऱ्या कामांत चालून जाणारी पाच-दहा मिनिटांची उशिराची सवय या कामात चालत नाही, ती यासाठी.

व्यवसाय म्हणून आपली बाजू अजून कच्ची आहे. वकिलांना बार कौन्सिल आहे, डॉक्टरांना आयोग आहे. समाजकार्याला देशपातळीवर तशी स्वतंत्र परिषद नाही, त्यामुळे कोणीही कार्डावर समाजसेवक छापू शकतो. पुष्कळ जागा कंत्राटी आहेत आणि पगार शिक्षणाच्या मानानं कमी. हे तुमच्यापासून लपवणं मला योग्य वाटत नाही. यातून वाट काढणारी, जिल्हा रुग्णालयात, बाल कल्याण समितीसमोर, कारागृहात, ऊसतोड कामगारांच्या तळावर वर्षानुवर्षं टिकून काम करणारी माझी विद्यार्थी मंडळी आहेत. ती भेटायला येतात तेव्हा सिद्धान्तांविषयी क्वचितच बोलतात. कोणत्या बाईनं काय सांगितलं, तिच्याच शब्दांत, ते सांगतात.

या पुस्तकाचं पहिलं प्रकरण मुलाखतीवर आहे. ते उघडण्याआधी एक काम करा. जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या केसपेपरच्या रांगेपाशी, तहसील कचेरीच्या व्हरांड्यात किंवा एसटी स्टँडवर एक तास बसा. मोबाइल बंद ठेवा, वहीही बाहेर काढू नका. कोण कोणाबरोबर आलंय, कागद कशात गुंडाळून आणलेत, खिडकीवरचा माणूस कोणाला अहो म्हणतो आणि कोणाला अरे, दुपारी खिडकी बंद झाल्यावर लोक कुठे जाऊन बसतात, एवढंच पाहा. घरी आल्यावर दोन पानं लिहा. मग लाल पेन घ्या आणि डोळ्यांनी पाहिलेलं नसून तुम्ही ठरवलेलं असेल, अशा प्रत्येक शब्दाभोवती गोल करा. ती पानं तशीच, खाडाखोड न करता, पहिल्या कॉन्फरन्सला सोबत घेऊन जा.